दिवे घाटात पिकअप ओढत नाही: पंप उतरवण्याआधी काय तपासायचं?

वडकीनाका

गाडी २००८ची डिझेल पिकअप. अडीच लिटर, चार सिलिंडर, टर्बो आणि इंटरकूलर आहे. कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारी नवी डिझेल यंत्रणा) नाही, जुना यांत्रिक रोटरी पंप. मीटर २,४०,०००च्या पुढे.

तक्रार: खताच्या २४ गोण्या भरून हडपसरहून सासवडला जाताना वडकी सोडली, घाट लागला की गाडी बसते. आधी हाच लोड तिसऱ्यात चढायचा, आता पहिल्याच मोठ्या वळणापासून दुसरा टाकावा लागतो आणि दुसऱ्यातही जोर नाही. रिकामी असताना शहरात फरक कळत नाही. सपाटीवर ८० गाठते, पण फार वेळ घेते.

धूर: जागेवरून सोडताना थोडा काळा, चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबूनही काही नाही. इंजिन तापत नाही. गरम इंजिन पहिल्याच सेल्फला चालू होतं.

झालेलं काम: एअर फिल्टर नवा, डिझेल फिल्टर नवा, ऑइल बदललं, टॅपेट सेट केले. गॅरेजचं म्हणणं, पंप आणि चारही नॉझल उतरवून कॅलिब्रेशनला द्या. खर्च मोठा आहे, म्हणून त्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल ते हवंय.

सतरा_अठरा

माहिती व्यवस्थित दिलीत, बरं झालं. नाहीतर "पिकअप नाही, काय करू" एवढ्यावर लोक धागा काढतात.

पहिला प्रश्न: इंजिन ताकद तयारच करत नाही, की तयार झालेली ताकद चाकापर्यंत पोचत नाही? हे ठरवल्याशिवाय पान्याला हात लावू नका. अर्ध्या तासाचं काम आहे.

क्लच: सपाट जागा, चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला. चौथा गिअर टाकून आरपीएम १५००वर न्या आणि क्लच सरळ सोडा. इंजिन जागच्या जागी बंद पडलं पाहिजे. कण्हत चालू राहिलं तर क्लचप्लेट घसरतेय. ही चाचणी एकदाच करायची, पुन्हापुन्हा केलीत तर चांगली प्लेटही जळेल. चढावर आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, हे त्याचंच लक्षण. तुमच्याकडे आरपीएमही वाढत नसावा असं वाटतं, पण खात्री करा.

ब्रेक: पाच-सहा किलोमीटर चालवून शक्यतो ब्रेक न दाबता गाडी थांबू द्या आणि चारही चाकांच्या ड्रम-डिस्कजवळ हात न्या. टेकवू नका. तापमान मोजायची बंदूक असेल तर उत्तम. एकाच ॲक्सलवरच्या दोन चाकांत २०-२५ अंशांहून जास्त फरक दिसला तर गरम बाजूचा ब्रेक चिकटतोय. मागच्या चाकांत हँडब्रेकची केबल गंजून अडकलेली सर्रास सापडते.

ॲक्सिलरेटर: इंजिन बंद ठेवून एकाला पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि तुम्ही बॉनेटखाली पंपाचा लिव्हर बघा. तो शेवटच्या स्टॉप स्क्रूला टेकलाच पाहिजे. केबल ढिली, पेडलखाली जाड मॅट, एवढ्यावरही दहा-पंधरा टक्के जोर जातो आणि कोणी बघत नाही.

मंतरवाडीकर

२४ गोण्या कसल्या? युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५०ची. म्हणजे १०८० की १२०० किलो? घाटात १२० किलोंनी फरक पडतो. एकदा काट्यावर घ्या, म्हणजे "आधीचाच लोड" खरंच तेवढाच आहे का ते कळेल.

अवांतर: पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, म्हणजे हवा पाच-सहा टक्के विरळ. टर्बो नसलेल्या इंजिनाचा तेवढा जोर इथे तसाही कमी. टर्बो ही तूट भरून काढतो, पण टर्बो चालत असेल तर.

वडकीनाका

डीएपी, १२०० किलो. काट्याची पावती आहे.

क्लच: इंजिन लगेच बंद पडलं. चाकं: पुढची दोन्ही सारखी, मागच्यांत ८ अंशांचा फरक. लिव्हर स्टॉपला टेकतो, मॅट काढून पाहिली. चढावर आरपीएम चढतच नाही, २२००च्या आसपास अडकतो.

काजळी

म्हणजे दोष इंजिनाकडेच आहे. आता धूर वाचा. डिझेल इंजिनाच्या निदानात धुराइतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

दाट काळा धूर आणि जोर नाही, तर डिझेल पुरतंय पण हवा कमी पडतेय. फिल्टर तुंबलाय, टर्बोचा पाईप फाटलाय, ईजीआर (जळलेली हवा परत इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकलाय, किंवा नॉझल फवारा न मारता धार सोडतंय. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर असेल तर डिझेल जळतच नाही, पंपाचं टायमिंग मागे आहे किंवा कॉम्प्रेशन गेलंय. निळसर असेल तर ऑइल जळतंय, रिंगा किंवा टर्बोचं सील.

धूरच नाही आणि जोरही नाही, तर सिलिंडरमध्ये डिझेलच कमी जातंय. तुमची गाडी या गटातली. म्हणून हेड, रिंगा, कॉम्प्रेशन हे सगळं तूर्त बाजूला ठेवा. डिझेल कमी का जातंय, याला टाकीपासून पंपापर्यंतची लाईन हे एक उत्तर आणि खुद्द पंप हे दुसरं. लाईन आधी, कारण ती फुकटात तपासता येते.

जागेवरून सोडताना थोडा काळा धूर येतो म्हणालात, ते मात्र या चित्रात बसत नाही. ते लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फिडपंप

लाईनबद्दल मी लिहितो.

टाकीपासून पंपापर्यंतची बाजू ओढीची आहे. या बाजूला पाईपला चीर पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून खाली डाग दिसत नाही आणि मेकॅनिक म्हणतो "लिकेज नाही". फिल्टर आणि पंप यांच्यामधला रबरी पाईप काढून तिथे ८ मिमी आतल्या व्यासाचा पारदर्शक डिझेल होज फूटभर लावा, दोन्हीकडे क्लिप घट्ट. इंजिन चालू करून बघा. सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा चालतो. मग ३००० आरपीएम एक मिनिट धरा. बुडबुड्यांची माळ किंवा फेस दिसला तर लाईन एअर घेतेय. रिकाम्या चालीला (ॲक्सिलरेटर न दाबता) स्वच्छ आणि जास्त आरपीएमला फेस हा प्रकार फार फसवा.

एअर कुठून? क्रमाने: हँड प्रायमरचा (डिझेल हाताने ओढायच्या पंपाचा) जुना ओ-रिंग, फिल्टर बदलताना तिरका बसलेला गॅस्केट, बँजो बोल्टचे (ज्यातून डिझेल वाहतं ते पोकळ बोल्ट) पुन्हा वापरलेले कॉपर वॉशर (हे दर वेळी नवे घालायचे, दहा-वीस रुपयांची वस्तू), आणि चासीला घासून पातळ झालेला लोखंडी पाईप. तुमचा फिल्टर नुकताच बदललाय, म्हणून पहिल्या तिघांवर संशय.

दुसरी परीक्षा: पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घ्या, कॅन पंपापेक्षा उंच आणि एक्झॉस्टपासून लांब बांधा, पंपाचा इनलेट आणि रिटर्न दोन्ही त्यात सोडा. तसंच गाडी चढावर न्या. जोर परत आला तर दोष टाकीकडे, म्हणजे गाळणी, पाईप किंवा टाकीच्या झाकणाचं श्वासछिद्र. पावसाळ्यानंतर टाकीच्या गाळणीवर चिकट काळपट थर धरतो, फिल्टर कितीही नवा घाला. झाकण ढिलं करताना 'फुस्स' आवाज आला तर श्वासछिद्र बुजलंय.

एक चूक मात्र हमखास होते. रोटरी पंपाच्या इनलेट आणि रिटर्नचे बँजो बोल्ट बाहेरून एकसारखे दिसतात. रिटर्नच्या बोल्टवर बहुतेक पंपांना 'आऊट' अशी खूण असते आणि त्यात बारीक छिद्र असतं. ते छिद्र पंपाच्या आतलं प्रेशर धरून ठेवतं, आणि त्याच प्रेशरवर टायमिंग पुढे सरकतं. दोघांची अदलाबदल झाली की गाडी मंद होते, आणि सगळे पंपालाच दोष देतात.

नळस्टॉप_नॉझल

इतका खटाटोप कशाला? २,४०,००० किलोमीटर झालेत, पंप झिजलेला असणारच. उतरवा आणि बेंचवर (पंप तपासायच्या यंत्रावर) लावा. नॉझलही तपासून होतील.

काजळी

पंपाचं हेड (आतला प्रेशर तयार करणारा भाग) झिजलं की पहिलं लक्षण गरम स्टार्टिंगला दिसतं. गरम डिझेल पातळ होतं, सेल्फच्या कमी वेगात झिजलेल्या फटीतून निसटतं आणि इंजिन चालू व्हायला रडतं. गार पाणी ओतलेलं फडकं पंपावर ठेवलं की चालू होतं, ही जुनी खूण सगळ्या पंपवाल्यांना ठाऊक आहे. यांची गाडी गरम असताना पहिल्या सेल्फला उठते. हेड शाबूत असण्याची शक्यता जास्त.

बेंचला विरोध नाही, क्रमाला आहे. पंप उतरवून परत चढवताना टायमिंग डायल गेजवर लावावं लागतं, ते नीट झालं नाही तर एका दोषाचे दोन होतात.

वडकीनाका

पारदर्शक होज लावला. रिकाम्या चालीला स्वच्छ. २८००च्या पुढे बारीक बुडबुडे, सतत. हँड प्रायमरचा ओ-रिंग कडक होऊन चपटा झाला होता. तो बदलला, फिल्टरजवळचे चारही कॉपर वॉशर नवे घातले. बुडबुडे बंद. बोल्ट तपासले, 'आऊट'वालाच रिटर्नला आहे.

सपाटीवर फरक आहे, ८० लवकर गाठते. घाटात मात्र थोडाच फरक, आरपीएम २२०० ऐवजी २४०० आणि गिअर दुसराच. कॅन बांधूनही तेवढंच.

मंतरवाडीकर

मग टर्बो गेला. शाफ्ट हलवून बघा.

सतरा_अठरा

शाफ्ट बघायचा तर नीट बघा. पुढे-मागे अजिबात हलता कामा नये. वर-खाली किंचित हलतो, ते चालतं, कारण बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगतं आणि इंजिन बंद असताना तो थर नसतो. पंख्याची पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या तरच टर्बो गेला म्हणा.

पण आधी बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेलं हवेचं प्रेशर, मोजायला गेज लावा. ०-२ बारचा साधा डायल गेज, टी-जोड आणि केबिनपर्यंत पोचेल एवढा होज. इनटेक मॅनिफोल्डपासून पंपाच्या डोक्यावर जो बारीक रबरी पाईप जातो त्यात टी बसवा. लोड असताना तिसऱ्या गिअरात चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर, २५०० आरपीएमच्या आसपास वाचन घ्या. चालवणारा एक आणि गेज वाचणारा दुसरा. या वर्गातल्या इंजिनाला ०.७ ते ०.९ बार अपेक्षित. रिकामी गाडी जागेवर रेस करून बूस्ट मोजू नका, टर्बोवर लोडच नसतो, आकडा निरर्थक येतो.

हवेची गळती: इंटरकूलरचे दोन्ही होज काढून आतून बघा. जुन्या रबराचा आतला पदर सुटतो आणि लोडवर झडपेसारखा आडवा येतो, बाहेरून पाईप ठणठणीत. जोडांवर ऑइल आणि धूळ मिळून काळा चिखल जमला असेल तर तिथून हवा जातेय. वेस्टगेटच्या (टर्बोला वळसा देऊन जास्तीचा एक्झॉस्ट सोडणाऱ्या झडपेच्या) ॲक्च्युएटरचा दांडा हाताने ढकलून पाहा, स्प्रिंगने परत यायला हवा. उघडा अडकला असेल तर बूस्ट बनणारच नाही.

वडकीनाका

तिसऱ्यात २४०० आरपीएमला फक्त ०.३ बार. दुसऱ्यात ३०००ला ०.४.

शाफ्ट: पुढे-मागे नाही, वर-खाली किंचित, पात्यांवर खुणा नाहीत. होज आतून बरे. ॲक्च्युएटरचा दांडा मोकळा आणि परत येतो. साबणाच्या पाण्याने सगळे जोड तपासले, कुठे फुगा नाही.

मंतरवाडीकर

०.३? मी म्हटलं होतं. टर्बोच.

काजळी

थांबा. बूस्ट कमी आहे म्हणजे टर्बो खराब, हे डिझेलमध्ये उलटंही असू शकतं. टर्बोला फिरवतो तो एक्झॉस्ट. डिझेलच कमी जळलं तर एक्झॉस्टमध्ये उष्णता नाही, मग टर्बो फिरणार कशावर? आणि या पंपात बूस्ट नसेल तर पंप डिझेल वाढवत नाही. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात.

पंपाच्या डोक्यावर ती बशीसारखी टोपी दिसते ना, जिथे तुम्ही टी लावलात? आत रबरी डायफ्रॅम आहे. बूस्ट आला की तो दबतो, खालची पिन सरकते आणि पंप जास्तीचं डिझेल देतो. टर्बो हवा देईपर्यंत डिझेल आखडतं घ्यायचं, म्हणजे धूर होत नाही, हा त्याचा हेतू. डायफ्रॅम फाटला की पंप कायम "टर्बो नाही" असं समजून चालतो. परिणाम तुमचाच: सपाटीवर ठीक, लोडवर मेलेली, धूर नाही.

तपासणी पाच मिनिटांची. बारीक पाईप टोपीकडून काढा, तिथे गेज असलेला हातपंप लावून ०.८ बार भरा. त्याहून जास्त नको. काटा निदान अर्धा मिनिट जागेवर राहिला पाहिजे. घसरला तर डायफ्रॅम गेला. काटा टिकला तर पिन अडकली आहे का ते बघायचं: इंजिन चालू, हातपंपाने प्रेशर भरलेलं, एकदा झटकन रेस. प्रेशर असताना धूर नेहमीपेक्षा जास्त आला पाहिजे.

काढलेल्या बारीक पाईपची दोन्ही टोकंही बघा. मॅनिफोल्डकडचं छिद्र काजळी आणि ऑइलने बुजतं, तारेने साफ करा.

फिडपंप

टोपी उघडायची वेळ आली तर उघडण्याआधी मार्करने टोपी आणि पंपाच्या अंगावर एकच आडवी रेघ मारा. आतली डायफ्रॅमची तबकडी ज्या कोनात बसलीय तो कोन महत्त्वाचा असतो. पिन एका बाजूला मध्यापासून सरकवून कोरलेली असते, तबकडी फिरली की डिझेलचं प्रमाण बदलतं. कोन लिहून ठेवा, मोबाईलवर फोटो काढा. आणि खालचा दातेरी चाकाचा स्क्रू फिरवू नका.

एआरएआय_टेकडी

विषय कॉमन रेलचा नाही, पण असे धागे वाचून लोक आपल्या २०१२-१५च्या गाड्यांवर प्रयोग करतात, म्हणून लिहून ठेवतो. जुन्या पंपावर एकेक नॉझलचा नट ढिला करून कुठलं सिलिंडर काम करत नाही ते बघता येतं. कॉमन रेलवर हे कधीही करू नका. तिथे हजार बारच्या वर प्रेशर असतं, बारीक फवारा कातडीतून आत शिरतो, आणि ती जखम वरून क्षुल्लक दिसली तरी शस्त्रक्रियेची वेळ आणते.

तिथे स्कॅनर लावून मागितलेलं आणि मिळालेलं रेल प्रेशर एकत्र बघायचं. रिकाम्या चालीला साधारण २५०-३५० बार. चढावर मागणी वाढते आणि मिळालेला आकडा मागे पडतो, मग चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या बाटल्या लावा. ज्याची बाटली इतरांच्या दुप्पट भरते तो इंजेक्टर गळतोय. आरपीएम ३०००च्या आसपास अडकून चेक लाइट लागली तर गाडी स्वतःला वाचवायला मर्यादेत गेलीय, आधी कोड वाचा.

सासवड_सीताफळ

सायलेन्सर तुंबला असेल का?

सतरा_अठरा

असू शकतो, पण तुंबलेल्या एक्झॉस्टला बहुधा काळा धूर आणि तापलेलं इंजिन जोडीला असतं. यांच्याकडे दोन्ही नाही. शंका असेल तर डाउनपाईपचा (टर्बोनंतरच्या एक्झॉस्ट पाईपचा) जोड ढिला करून मोकळ्या, सपाट रस्त्यावर थोडं अंतर चालवून बघा. काचा उघड्या, केबिनमध्ये धूर येऊ देऊ नका. घाटात हा प्रयोग नको.

वडकीनाका

०.८ भरलं, काटा चार सेकंदांत शून्यावर. टोपी उघडली. डायफ्रॅमला कडेच्या घडीत बोटाच्या पेरभर चीर. वरून दिसत नव्हती, उजेडासमोर ताणून धरल्यावर दिसली. खूण आणि फोटो घेऊन नवा बसवला, नाना पेठेत पंपाचा नंबर दाखवून मिळाला.

आज पुन्हा १२०० किलो. तिसऱ्यात २५००ला ०.८ बार. गाडी तिसऱ्यात चढते, फक्त वरच्या एका अवघड वळणावर दुसरा लागला.

नवी अडचण: चढावर आता दाट काळा धूर. आरशात मागची दुचाकी दिसेना.

काजळी

आता ते जागेवरून सोडतानाचं कोडं सुटलं. डायफ्रॅम फाटला तेव्हा जोर गेला आणि कोणीतरी तो परत आणायला पंपाच्या मागचा फुल लोड स्क्रू (जास्तीत जास्त किती डिझेल जाईल ते ठरवणारा) आत फिरवला असणार. म्हणून बूस्ट नसतानाही धूर होता. आता डायफ्रॅम आपलं काम करतोय आणि त्यावर स्क्रूचं जास्तीचं डिझेल. लॉकनटवरचा रंग किंवा शिसं तुटलंय का बघा.

असंच चालवू नका. जास्तीचं डिझेल म्हणजे जास्तीची उष्णता. लांब चढावर पिस्टन वितळतो, टर्बोचं एक्झॉस्टकडचं घर तडकतं. शिवाय पीयूसी: तुमच्या जुन्या मॉडेलला मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराच्या दाटपणाचं माप), बीएस-४ गाड्यांना ५०. धुरात मागचा माणूस दिसत नसेल तर पासिंगला अडकणार, आणि ८ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दर वर्षी आहेच.

वडकीनाका

रंग तुटलेला आहे. लॉकनटच्या खाली दोन आटे ताजे चकाकतायत.

स्क्रू किती मागे घेऊ?

फिडपंप

लॉकनट सोडण्याआधी स्क्रूची लांबी व्हर्नियरने मोजून लिहा, म्हणजे परत येता येईल. एका वेळी एक अष्टमांश फेरा बाहेर, नट घट्ट, मग तोच चढ तोच लोड. काळ्या धुराची फक्त फिकट झाक राहील तिथे थांबा. रिकाम्या चालीचा आरपीएम बदलेल, तो वेगळ्या स्क्रूने परत लावा. अर्ध्या फेऱ्याच्या आत जमलं नाही तर हाताने पुढे जाऊ नका. तेव्हा बेंचवर न्या, आणि पंपवाल्याला आधी सांगा की डायफ्रॅम नवा आहे, नाहीतर तो पुन्हा बदलून बिलात धरेल.

नळस्टॉप_नॉझल

म्हणजे शेवटी बेंच.

वडकीनाका

तीन अष्टमांशांत जमलं. धूर फिकट, ०.८ तसाच, तिसरा तसाच. वळणावरचा दुसरा अजून लागतो.

मंतरवाडीकर

१२०० किलोला त्या वळणावर दुसराच लागतो. नव्या गाड्याही तिथे दुसऱ्यात जातात.